मिठाच्या पाण्याबद्दल

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला खरोखर समजलेल्या गोष्टी फार थोड्या होत्या. बाकीचं मी पाठ करत होतो. सर इंग्रजीत बोलत, मी मनात त्याचं मराठी करी, ते जुळेपर्यंत सर पुढच्या पानावर गेलेले असत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं, त्यामुळं अडलं तर विचारायचं कुणाला हाही प्रश्नच होता. वर्गात विचारायची भीती वाटे. आपण काहीतरी चुकीचं बोलू आणि त्या एका वाक्यावरून सगळ्यांना आपलं गाव, घर, घरातला धंदा, सगळं कळेल असं वाटायचं.

पण वनस्पतिशास्त्राचं एक प्रॅक्टिकल मला समजलं. प्रयोगशाळेच्या बाहेर कुंड्यांतून रिओची रोपं होती. वरून हिरवं आणि पाठीमागून जांभळं असं त्याचं पान असतं. त्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा ब्लेडनं काढायचा, काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. टेबलावर मिठाच्या पाण्याच्या तीन बाटल्या होत्या. एक अगदी सौम्य, एक मध्यम, एक कडक. चौघांत एक सूक्ष्मदर्शक होता आणि माझी पाळी शेवटी आली. पहिल्या दोन पाण्यांत रंग जागच्या जागीच होता. तिसऱ्यांदा मी डोळा लावला तेव्हा काचेवर कडक पाणी होतं. मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं दिसत होती आणि प्रत्येक घरात जांभळा रंग भरलेला होता. बघता बघता तो रंग भिंतीपासून सुटू लागला. आकसत आकसत मधोमध त्याचा एक गोळा झाला. घर तसंच, पण आतला जीव गोळा झालेला.

"काय दिसतंय?" सरांनी मागून विचारलं.

"सर, आत आत जातंय," मी म्हणालो. तोंडातून मराठीच निघालं. तेही गावाकडचं.

सगळे हसले. एकजण म्हणाला, "पावणं, कोण जातंय आत? तुमी काय?"

सर म्हणाले, "हसू नका. तुमच्यापैकी एकानंही एवढं नीट पाहिलेलं नाही. पाणी बाहेर जातंय, म्हणून रंग आत जातोय. मीठ पाण्याला ओढून घेतंय."

मीठ पाण्याला ओढून घेतंय. हे वाक्य मी त्या दिवशी घेऊन खोलीवर गेलो. खानावळीत जेवताना लोणच्याच्या फोडीकडं बघत बसलो. जर्नलात तीन आकृत्या काढल्या, तीन बाटल्यांच्या तीन. तिसरी आकृती मी जांभळ्या पेन्सिलीनं रंगवली. पहिल्या दोन नुसत्या शिसपेन्सिलीच्या ठेवल्या, कारण त्यांत काही घडत नव्हतं.

आमचं गाव कोडोलीच्या पुढं आहे. माझे वडील, आबा, कातडी कमावत. ओढ्याच्या कडेला आमचं घर आणि घरामागं चुन्याची कुंडी. अर्धं कमावलेलं कातडं पिशवीसारखं शिवायचं, त्यात हिरड्याचं आणि बाभळीच्या सालीचं लाल पाणी भरायचं आणि ती पिशवी लाकडाच्या तिवईला टांगून ठेवायची. पाणी कातड्यातून झिरपे आणि खालच्या घमेल्यात पडे. ते पुन्हा वरून ओतायचं. असं दिवसेंदिवस चाले. या कामाचा वास माझ्या कपड्यांना येतो अशी मला कॉलेजात सतत धास्ती असे. पण त्या मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा पहिल्यांदाच त्या कामाकडं उत्सुकतेनं बघितलं. आबा पिशवीत पाणी ओतत होते. मी त्यांना पेशीचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं, मिठाचं सांगितलं.

आबा ऐकून हसले. "आरं लेका, हे शिकाय तू कोल्हापूरला गेलतास? कातडं आलं आन् त्या दिशी चुन्यात घालाय जमलं न्हाई, तर मी काय करतो?"

"मीठ चोळता."

"आन् सकाळी?"

"खाली पाण्याचं थारोळं."

"मग! मीठ वडतंय की पाणी. कातड्याला ठावं हाय, मला ठावं हाय. तुज्या सरास्नी आता कळलं."

पण त्यांना आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी पानपट्टीवर ते कुणाला तरी सांगत होते, "पोरगं म्हणतंय, आमचं काम बुकात हाय." मी लांबून ऐकलं. त्या क्षणी मला वाटलं, मी शिकतोय ते वाया जाणारं नाही.

आक्का त्या महिन्यात माहेरी आली होती. माझी थोरली बहीण, गडहिंग्लजला दिलेली. तिच्याबरोबर तिची मुलगी होती, दोन वर्षांची. ती मला मामा म्हणायची आणि माझ्या चष्म्याला फार भ्यायची. मी चष्मा काढला की जवळ यायची, घातला की पळायची. चष्मा घालायचा, काढायचा हाच आमचा खेळ होता. दिवसातून तो कितीदा व्हायचा त्याला गणती नाही.

एके दिवशी सकाळी तिला जुलाब सुरू झाले. पहाटे एकदा झाले, उजाडल्यावर दोनदा, मग आम्ही मोजणं सोडलं. पाण्यासारखे होत होते. त्या दिवशी नर्सबाईंचा गावात फेरा होता. आरोग्य केंद्राच्या बाई, पांढरी साडी, हातात पत्र्याची पेटी, बोलायला एकदम रोखठोक. आमच्या अंगणात आल्या, पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तोंडात बोट घालून बघितलं.

"रडती तवा डोळ्यात पाणी येतंय?"

"येतंय," आक्का म्हणाली.

"मग घाबरायचं न्हाई. तांब्याभर पाणी उकळून गार कर. त्यात मूठभर गूळ आणि तीन बोटांच्या चिमटीत येईल एवढं मीठ. घोट घोट पाजत ऱ्हा. जुलाब झालं की परत पाज. वकली तर जरा थांबून परत पाज. पाजायचं थांबवायचं न्हाई, कळलं का? मी वरच्या आळीत हाय, दुपारनं वाडीला जाणार. उद्या सकाळी येतो."

बाई गेल्या. आक्कानं पाणी चुलीवर ठेवलं.

आई म्हणाली, "काय खुळी का काय ती बाई? पोटात काय ठरंना झालंय आन् वरनं पाणी वतायचं म्हणती! पाणी घातलं की आनखी जुलाब हुत्यात. पोट रिकामं ठेवाय पायजे."

आमच्याकडं तसंच करत. सगळ्या गावात तसंच करत. पाणी गार झालं, तिनं गूळ विरघळवला, मीठ टाकलं. तांब्या हातात घेऊन ती पोरीजवळ बसली आणि मग थांबली. एकीकडं आई, एकीकडं बाईंचं बोलणं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"तू सांग. तू शिकलेला हायस. देऊ का नगं?"

घरात मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी त्यावर विचार केला, खरंच केला. डोळ्यांसमोर ते जांभळे गोळे आले. पोरीच्या अंगातलं पाणी आधीच चाललंय, आणि आता आपण तिच्या पोटात मीठ घालणार. मीठ काय करतं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"गूळ चालेल," मी म्हणालो. "मीठ नको. मीठ पाणी ओढतं. आतड्यातल्या पेशींमधलं पाणी ओढून घेईल. अजून कोरडी पडेल ती."

"बाई तर म्हणल्या..."

"बाईंना सांगितलेलं असतं तेवढंच त्या सांगतात. मी प्रयोग केलाय, आक्का."

आबा दारात उभे होते. "खरं हाय त्येचं," ते म्हणाले. "मीठ काय करतंय ते मी रोज बघतो."

आक्का उठली आणि तिनं तांब्या अंगणात रिकामा केला. जमीन मे महिन्याची तापलेली होती. ओलं दिसलं न दिसलं तोवर सुकलं.

मग आम्ही साधं पाणी उकळून गार केलं. आईनं तेही जास्त देऊ दिलं नाही. तासाला दोन चमचे. मी आईशी वाद घातला नाही, कारण माझा मुद्दा मिठाचा होता आणि तो मान्य झाला होता.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाई वरच्या आळीत होत्या, चालत गेलो असतो तर पाच मिनिटं. मी जाऊन विचारू शकलो असतो, की बाई, मीठ का? मी गेलो नाही. त्याची दोन कारणं मी स्वतःला सांगत आलोय. एक म्हणजे, बाई ज्या घरी चहाला बसल्या होत्या त्या घराच्या अंगणात आमच्यासारख्यांनी जायचं तर कडेला उभं राहून हाक मारायची. चष्मा घातलेला, कॉलेजात जाणारा मी, मला तसं उभं राहायचं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, मला विचारायची गरजच वाटली नाही. ती बाई, मी विज्ञानाचा विद्यार्थी. यातलं कुठलं कारण खरं होतं ते मला आजही नक्की सांगता येत नाही. पहिलं कारण खरं असतं तर बरं, असं मला वाटतं. म्हणूनच त्यावर माझा विश्वास बसत नाही.

दुपारपर्यंत पोरगी गप्प झाली. आईला वाटलं उतार पडला. मलाही तसंच वाटलं. मी तिच्यासमोर चष्मा काढला, घातला, काढला. ती बघत होती पण भीत नव्हती. मग एकदा ती रडली. अगदी बारीक आवाजात. आक्का तिच्या तोंडावर वाकली आणि तिनं मान वर केली.

"हिच्या डोळ्याला पाणी न्हाई."

आबांनी माणूस पाठवला, पण बाई तोवर वाडीला गेल्या होत्या. एसटी सकाळीच गेली होती. डेअरीचं दूध गोळा करणारा टेम्पो चार वाजता यायचा. तो येईपर्यंत आम्ही रस्त्यावर लिंबाखाली बसलो. टेम्पोवाल्यानं कॅन इकडंतिकडं सरकवून आक्काला जागा करून दिली. मी मागं दांडा धरून उभा राहिलो. वाटेत त्यानं एकाही गावाला दूध घेतलं नाही. लोक हात करत होते, तो थांबला नाही. त्या माणसाची मला अजून आठवण येते.

कोडोलीत डॉक्टरांनी पोरीला बघितल्याबरोबर टेबलावर घेतलं. हात चालवत चालवतच त्यांनी विचारलं, "मीठ-साखरेचं पाणी दिलं का?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मदतनिसाला म्हणाले, "सलाईन लावा." बाटली उलटी करून स्टँडला टांगली गेली. माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर. तिच्यावर इंग्रजीत छापलेलं होतं. त्या खोलीत डॉक्टर आणि मदतनीस सोडले तर ते वाचता येणारा मी एकटा होतो. मी वाचलं. सोडियम क्लोराइड. मी पुन्हा वाचलं. हे नाव मला आठवीपासून माहीत होतं.

बाटलीत मिठाचं पाणी होतं.

डॉक्टर शीर शोधत होते. हाताची सापडेना. दुसऱ्या हाताची सापडेना. अंगातलं पाणी गेलं की शिरा मिटतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसता बघत होतो, की एवढंसं मनगट आणि त्यात सुई जात नाही. त्यांनी पायाला बघितलं, डोक्याला बघितलं. "बाळा, बाळा, थांब जरा," असं ते पोरीशी बोलत होते. मग बोलायचे थांबले. बाटली भरलेलीच होती. त्यातलं काही खाली उतरलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत आम्ही परत निघालो.

दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून दाजी आणि आक्काची सासू आली. सासू अंगणात बसून मोठ्यानं म्हणाली, "चांगली पोरगी धाडली हुती. म्हायेरी आणून घालवली. हिला एक पोर सांबाळाय येत न्हाई." आक्का खाली मान घालून बसली होती. मी दाराच्या आत होतो. ती एक शब्द बोलली असती, की मी पाजत होते, भावानं थांबवलं, तर ते सगळं माझ्यावर आलं असतं. ती बोलली नाही. मीही बोललो नाही. नर्सबाई ठरल्याप्रमाणं सकाळी आल्या होत्या. अंगणातली माणसं बघून फाटकातच थांबल्या आणि पेटी खाली ठेवून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

बाटलीवरचं नाव वाचल्यापासून मला माहीत होतं की मी चुकलो. पण कुठं चुकलो ते समजत नव्हतं. आबांचं कातडं खोटं नव्हतं, माझं जांभळं पान खोटं नव्हतं. दोन वर्षं मी ते डोक्यात घेऊन फिरलो. शेवटच्या वर्षाला प्राणिशास्त्राच्या तासाला सर पचनसंस्था शिकवत होते. ते म्हणाले, पेशीच्या आवरणातून सगळंच आपोआप आत-बाहेर होत नाही. काही गोष्टींना दारं असतात. आतड्याच्या पेशीला साखरेसाठी एक दार आहे, पण ते दार एकट्या साखरेला उघडत नाही. साखर आणि मीठ जोडीनं आले की उघडतं. दोघं आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. जुलाबात बाकी पुष्कळ काही बिघडलं तरी हे दार बहुधा शाबूत असतं. म्हणून चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर.

माझं पेन थांबलं. सर पुढं गेले. शेजारच्यानं विचारलं, "काय रं, बरं वाटंना काय?" मी मान हलवली.

खोलीवर जाऊन मी पहिल्या वर्षाचं जर्नल काढलं. तिसरी आकृती जांभळी, सुंदर. पहिल्या आकृतीखाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: सौम्य द्रावण, पेशी टवटवीत, पाणी बाहेर गेले नाही. चिमूटभर मिठाचं पाणी ते हेच. मी ते पाहिलं होतं, काढलं होतं, त्यावर सरांची सही होती. पण त्यात बघण्यासारखं काही घडत नव्हतं म्हणून मी ते विसरलो होतो.

त्याच आठवड्यात मी गडहिंग्लजची एसटी धरली. आक्का घरामागच्या परड्यात भांडी घासत होती. तिला तेव्हा पुन्हा दिवस गेलेले होते. सासू बाजाराला गेली होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. दार, साखर, मीठ, मागोमाग पाणी. बाटलीवरचं नाव. जर्नलातली पहिली आकृती. ती राखेनं भांडं घासत राहिली. मी थांबलो तेव्हा तिनं ते विसळून पालथं घातलं.

"म्हंजे ते पाणी चांगलं हुतं."

"होय."

"मी पाजलं असतं तर जगली असती."

"बहुतेक. नक्की सांगता येत नाही, पण..."

"न्हाई न्हाई. सरळ सांग."

"जगली असती."

तिनं दुसरं भांडं घेतलं.

"हे तू मला कशाला सांगाय आलास?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला सुखानं वाटत हुतं, देवानं न्हेली. आता मी काय करू?"



"मी सासूबाईंना सांगतो," मी म्हणालो. "तुझा दोष नव्हता, माझा होता. दाजींना पण सांगतो."

"गप बस. कुणाला सांगायचं न्हाई. आबाला तर न्हाईच. त्यो बी दारात हुबा ऱ्हाऊन 'खरं हाय' म्हणला हुता. इसरलास? ह्ये त्येच्या कानावर गेलं तर त्यो जीव ठेवायचा न्हाई." तिनं हात धुतले, पदराला पुसले. "सासू बोलती ती बोलूं दे. मला सवय झालीया."

तिनं मला जेवायला वाढलं. भाकरी, झुणका, ताक. मी जेवलो. निघताना एसटीपर्यंत ती आली नाही, पण तसं ती एरवीही यायची नाही.

आक्काला मुलगा झाला. मी तोवर कोल्हापुरातच एका शाळेत लागलो होतो आणि खोली करून राहत होतो. दिवाळीला जाणं-येणं होतं. ती माझ्याशी बोलायची, हसायचीही. पोराला माझ्या मांडीवर द्यायची. मला वाटू लागलं होतं की सगळं नाही, पण थोडं निवळलंय.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी गावी गेलो होतो. आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. बोलता बोलता म्हणाली, "तवा तू हुतास म्हणून बरं झालं बाबा. न्हाईतर आक्काचं काय झालं असतं, पोराला घिऊन एकटीच हुती."

"कधी?"

"आरं, पोराला जुलाब लागलं हुतं न्हवं, कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात न्हेलतं ते. तीन दिस हुती की ती."

तो दवाखाना माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर होता. शाळेला जाताना मी रोज त्याच्या दारावरून जात होतो.

"पोरगं बरं झालं ना?" मी विचारलं.

"आता तर धुडगूस घालतंय. तुला ठावं न्हाई व्हय?" आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "आक्का म्हणाली, जेवाय तुज्याकडंच हुती तीन दिस. काय करून घातलंस रं? तुला येतंय तरी काय?"

आबा उंबऱ्यात बसून ऐकत होते.

"आमटी-भात," मी म्हणालो.

"आन् पोरानं खाल्लं काय तुज्या हातचं?"

"होय," मी म्हणालो. "खाल्लं की."